गल्लीत खून झाला, आणि साक्ष देणाऱ्यालाच टपरी हलवायला सांगतायत

सायली_न

नवी मुंबईत राहते. नोड आणि सेक्टर लिहीत नाही, ओळख पटेल असे एक-दोन तपशीलही बदललेत. बाकी सगळं घडलं तसंच.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत खून झाला. रात्री साडेनऊचा सुमार, दुकानं उघडी, पोरं सायकली घेऊन रस्त्यावर. बाइकवरून दोघं आले, किराणा दुकानासमोर उभ्या असलेल्या मुलावर कोयत्याने वार केले आणि निघून गेले. मुलगा आमच्या मागच्या बिल्डिंगमधला, चोवीस-पंचवीसचा. गल्लीत तेव्हा भरपूर माणसं होती. दोन शटर जागच्या जागी खाली आली. वरच्या खिडक्यांतले दिवे एकेक करत गेले.

धावले फक्त इस्त्रीवाले काका. आमच्या गेटला लागून त्यांची टपरी आहे. हातातली इस्त्री ठेवून तसेच पळाले, खांद्यावरचा पंचा जखमेवर दाबून धरला, ओरडून रिक्षा थांबवली. मुलगा वाचला नाही. नंतर पोलिसांना जबाबही त्यांनीच दिला.

इस्त्री ठेवली गेली ती एका शाळेच्या शर्टावर. पांढरा शर्ट, पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग, मधोमध जळून भोक. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानवाला पेव्हर ब्लॉकच्या फटीतलं रक्त फिनेल ओतून खराट्याने घासत होता. त्याच वेळी शर्टाच्या मालकीणबाई पैसे मागायला आल्या. काकांनी गल्ल्यातून दोनशे रुपये काढून दिले. एक शब्द बोलले नाहीत.

आता येत्या रविवारी सोसायटीची सभा आहे. विषय क्रमांक एक : गेटलगतचे अतिक्रमण हटविणे. ती टपरी तिथे बिल्डिंगला रंग लागला तेव्हापासून आहे. सेक्रेटरींना विचारलं तर म्हणाले, "ताई, उद्या ती पोरं त्याला शोधत आली तर आपल्याच गेटवर येणार. आपल्याला कशाला लफडं?"

मुलाची आई पोळीभाजीचे डबे करते. तिचे बरेच डबे बंद झालेत. "त्या घरात आत्ता नको", एवढंच कारण.

तुमच्याकडे असं काही घडलं तेव्हा शेजाऱ्यांनी काय केलं? आणि मी सभेत काय बोलू? मला गप्प बसायचं नाहीये.

खाडीपलीकडचा

बाप रे. काकांना माझा नमस्कार सांगा.

अनुजा२२

दोनशे रुपये मागणाऱ्या बाईंचा प्रचंड राग आला. लिहवत नाहीये. वाचतेय.

तिसरा_मजला

राग येईल, पण सोसायटीचं सगळंच चूक आहे असं मला वाटत नाही. गेटवर लहान मुलं असतात. मारेकरी बाहेर असतील, जामिनावर सुटतील, तर धोका खरा आहे. सेक्रेटरी हा पगारी नोकर नव्हे, उद्या काही झालं तर आधी त्यालाच विचारतील. काकांनी केलं ते थोरच. पण थोरपणाची जबाबदारी साठ घरांवर टाकता येत नाही.

झंप्या

@तिसरा_मजला, पार्किंगवरून भांडण झालं की याच साठ घरांचे दिवे लागतात आणि सगळे गॅलरीत येतात. तेव्हा कुणाला धोका आठवत नाही.

पारसिककर

माझा अनुभव जुना आहे, पण लिहितो. कळव्यात चाळीत वाढलो. नव्वदच्या दशकात आमच्या चाळीत नळावरच्या भांडणातून एका माणसाला चाकू मारला. मारणारा चाळीतलाच, चार खोल्या सोडून राहणारा. माणूस तिसऱ्या दिवशी गेला.

शेजारी म्हणून चाळ कमी पडली नाही. तेराव्यापर्यंत त्या घरात चूल पेटू दिली नाही, घराघरातून जेवण जायचं. वर्गणी काढून मुलांच्या फिया भरल्या. माझी आई रोज रात्री त्या काकूंसोबत झोपायला जायची. आज ब्लॉकमध्ये यातलं काही होत नाही, म्हणून लोक चाळीच्या आठवणी काढतात.

पण पोलिसांनी विचारलं तेव्हा पूर्ण चाळीने एकच सांगितलं : आम्ही आत होतो, टीव्ही चालू होता. नळावर तेव्हा पंचवीस बायका-माणसं हंडे घेऊन रांगेत. एकानेही पाहिलं नाही. केस कोर्टात गेली आणि पुराव्याअभावी तो सुटला. सुटला तो परत आपल्या खोलीवर आला. पुढची कित्येक वर्षं त्या काकू आणि तो एकाच दुकानातून दूध घेत होते. तो दुकानात असला की काकू बाहेर पायरीखाली पिशवी धरून थांबायच्या, तो गेला की आत जायच्या.

जेवण पोचवणारे आम्हीच आणि गप्प बसणारेही आम्हीच. सायलीताई, तुमच्या गल्लीत निदान एक माणूस बोललाय. त्याला जाऊ देऊ नका.

अनुजा२२

पारसिककर, दुधाच्या दुकानाचं वाचून अंगावर काटा आला.

ऋतुजा_म

मानसशास्त्रात याला बघ्यांचा परिणाम म्हणतात. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोवीज नावाच्या तरुणीचा खून झाला. ३८ शेजाऱ्यांनी तो पाहिला आणि कुणीच काही केलं नाही, अशी बातमी गाजली. त्यावरून डार्ली आणि लताने यांनी १९६८ मध्ये प्रयोग केले : माणसं जितकी जास्त, तितकं प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणी बघेल. आपल्याकडेही तेच. २०११ मध्ये अंधेरीच्या अंबोलीत मैत्रिणींची छेड काढणाऱ्यांना हटकलं म्हणून दोन तरुणांना भोसकलं तेव्हा रस्ता भरलेला होता. जून २०२४ मध्ये वसईत भररस्त्यात मुलीला पान्याने मारलं, तेव्हाही लोक बघत होते.

वाचनवेडा

@ऋतुजा_म, प्रयोग खरे, पण ती ३८ची गोष्ट तशी नव्हती. पुढे कागदपत्रं तपासणाऱ्यांनी दाखवून दिलं की सगळा हल्ला दिसला असे फारच थोडे होते. एकाने खिडकीतून ओरडून मारेकऱ्याला हाकललंही होतं, आणि शेजारची एक बाई खाली जाऊन तिला कुशीत घेऊन बसली होती. वर्तमानपत्राने आकडा फुगवला आणि तो पाठ्यपुस्तकांत गेला.

२०१९ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन इथल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं गेलं. दहातल्या नऊ वेळा निदान एक तरी माणूस मध्ये पडला होता. माणसं जास्त असतील तितकी कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यता वाढत होती. वसईतही एकाने अडवायचा प्रयत्न केला होता, तोसुद्धा त्याच व्हिडिओत आहे. आपल्या लक्षात राहतात ते फक्त उभे राहिलेले.

घोडबंदरवासी

वाचनवेडा, हेच लिहायला आलो. फेब्रुवारी २०१६, कासारवडवली. एका माणसाने रात्रीत घरातल्या १४ जणांना मारून स्वतःला संपवलं. ठाण्यातल्या कुणालाही ते विसरता येणार नाही. त्या घरातून एक बहीण वाचली, कारण ती जखमी अवस्थेत खिडकीशी येऊन ओरडली आणि शेजाऱ्यांनी खिडकीची जाळी तोडून तिला बाहेर काढलं. आत काय आहे, कोण आहे, त्याच्या हातात काय आहे, त्यांना काहीच माहीत नव्हतं. तरी त्यांनी जाळी तोडली.

आम्ही तिथून जवळच राहायचो. नंतरचे दिवस मात्र वाईट होते. बाहेरून लोक गाड्या घेऊन "ते घर" बघायला यायचे. गाववाल्यांना पत्ता सांगून सांगून वीट आला होता.

सदाशिवपेठी

जून २०२३, आमच्या पेठेत सकाळी एका मुलीवर कोयत्याने हल्ला झाला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या लेशपाल जवळगेने तो कोयता हाताने धरला आणि ती मुलगी वाचली. त्याच्या आधी बरेच जण बाजूला झाले होते हेही खरं, आणि तो पुढे झाल्यावर दुसरेही धावले हेही खरं. एकाने हलावं लागतं.

कोपरीचा_बाळ्या

विषय निघालाच आहे तर सांगतो, मूळ रोग भाडेकरूंचा आहे. आमच्याकडे एक घटना झाली आणि आम्ही ठराव केला : बॅचलर नको, पोलीस व्हेरिफिकेशनशिवाय किल्ली नाही, रात्री अकराला गेट बंद.

पीजीवाला

बाळ्याभाऊ, व्हेरिफिकेशन जरूर करा. पण दर वेळी आमच्यावर कशाला? ऐरोलीत आम्ही चौघं एका फ्लॅटमध्ये राहतो, आयटी पार्कात कामाला. शेजारच्या विंगमध्ये नवऱ्याने बायकोला मारहाण करून डोकं फोडलं, दोघंही घरमालक. तिला हॉस्पिटलात आम्ही नेलं, कारण रात्री दोनला जागे आम्हीच होतो. पुढच्या महिन्यात सोसायटीने बॅचलरना नोटीस काढली. त्या नवऱ्याने मेंटेनन्स वेळेवर भरला म्हणून त्याला काही नाही.

झंप्या

पीजीवाला, तुमच्या सोसायटीत मीटिंग असेल तर मला बोलवा. मी नुसता टाळ्या वाजवायला येतो.

निवृत्त_जमादार

पोलीस खात्यात हयात गेली, बराचसा काळ ठाणे जिल्ह्यात. भाडेकरूंचा वेगळा धागा काढा. सायलीताईंनी सभेत काय बोलायचं ते सांगतो.

जबाब म्हणजे अडकणं, ही भीती आधी काढा. पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते, कायद्यानेच ती घ्यायची नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या कायद्याच्या जागी नवी नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही हे तसंच आहे. दुसरं, १५ वर्षांखालचा मुलगा, ६० च्या वरचा पुरुष, कुठलीही स्त्री, अपंग किंवा गंभीर आजारी माणूस यांना जबाबासाठी पोलीस ठाण्यात यायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी घरी जायचं. कलम १७९. तुमच्या बिल्डिंगमधल्या ज्या आजींनी खिडकीतून पाहिलं असेल त्यांना हे सांगा.

कॅमेऱ्याचं तातडीने बघा. डीव्हीआरवर, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर, जुनं पुसून नवं चढत राहतं. बऱ्याच ठिकाणी पंधरवडा ते महिनाभरच राहतं. "बंद होता" म्हणणाऱ्यांचा निम्म्या वेळा चालू असतो, हा माझा अनुभव. सोसायटीने स्वतःहून तपास अधिकाऱ्याला लेखी कळवावं की आमच्याकडे चित्रण आहे, ते घेऊन जा, आणि पोच घ्यावी. कोर्टात त्यासोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, ते कसं करायचं ते अधिकारी सांगतील.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गल्लीत पाहणारा एकच असला की सगळा दाब त्या एकावर येतो. तोच मोडला की केस मोडली, हे आरोपीच्या माणसांना चांगलं कळतं. चार जबाब असले की एकाला धमकावून काही साधत नाही. तुमच्या सेक्रेटरींना गेटची काळजी आहे ना, मग त्यांनी आणखी तीन माणसं जबाबाला उभी करावीत. टपरी हलवून धोका हलत नाही. काकांना नवीन जागी कुणी ओळखणार नाही, तिथे ते जास्त एकटे.

साक्षीदार संरक्षण योजना २०१८ सालची आहे, सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये ती देशभर लागू केली. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे जातो, धोका किती याचा अहवाल पोलीस देतात. घराभोवती गस्त, कोर्टात नेणं-आणणं, बंद दालनात साक्ष, असं बरंच मागता येतं. प्रत्यक्ष धमकी आली तर तो स्वतंत्र गुन्हा, न्याय संहिता कलम २३२, सात वर्षांपर्यंत शिक्षा. लगेच ११२ फिरवा.

सायली_न

जमादार साहेब, कसे आभार मानू. हे सगळं छापून सभेत वाटते. सोसायटीच्या कॅमेऱ्याचं आजच खजिनदारांशी बोलते.

एक राहिलं. त्या रात्रीचा व्हिडिओ कुणीतरी वरून काढलाय. मुलगा खाली पडलाय, काका ओरडतायत, तेवढा भाग. फिरत फिरत तो मुलाच्या मामाच्या फोनवर गेला आणि तिथून आईने पाहिला. कुठल्या मजल्यावरून काढलाय ते कोनावरून कळतं. पोलिसांना मात्र तो कुणी दिलेला नाही.

अनुजा२२

गावभर पाठवायला भीती नाही, पोलिसांना द्यायला भीती?

मधुरा_नेरुळ

मुलांबद्दलही कुणीतरी बोला. सायकली घेऊन जी पोरं रस्त्यावर होती, त्यांनी सगळं पाहिलंय. आमच्या जवळ चोरीच्या झटापटीत वॉचमनला मारलं तेव्हा माझा मुलगा नऊ वर्षांचा. आम्ही मोठे "त्याला काही कळलं नाही" म्हणत बसलो. तो लिफ्टमध्ये एकटा चढेना, रात्री दाराची कडी उठून उठून बघायचा. शेवटी शाळेतल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं, घरात त्याच्यासमोर बोला, त्याला विचारू द्या. मोठ्यांनाही बोलायचं असेल तर १४४१६ वर टेलि-मानस आहे, मराठीतून बोलता येतं.

त्या आईचे डबे बंद करणाऱ्यांचं मला कळतच नाही. डब्यात काय येणार आहे?

कोपरीचा_बाळ्या

तसं नसतं मधुराताई. सुतक म्हणूनही लोक काही दिवस थांबतात.

मधुरा_नेरुळ

सुतकात त्यांच्या घरी जेवण न्यायचं असतं बाळ्याभाऊ. कुणी नेलं?

वाचनवेडा

सायलीताई, त्या माउलीला सांगा : पीडित नुकसानभरपाई योजनेखाली कुटुंबाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, ठाण्याला जिल्हा न्यायालयात कार्यालय आहे. तिथे वकीलही मोफत मिळतो. आणि तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत कुटुंबाला कळवणं नव्या कायद्याने पोलिसांवर बंधनकारक आहे. सोबत कुणीतरी जा, एकटीला पाठवू नका.

तिसरा_मजला

मी वर लिहिलं ते अजूनही धरून आहे, पण का लिहिलं ते सांगतो.

माझे वडील साक्षीदार होते. २००९ मध्ये आमच्या बिल्डिंगखाली एका व्यापाऱ्यावर हल्ला झाला, तो जन्माचा अधू झाला. वडिलांनी पाहिलं आणि सांगितलं. पुढे वर्षानुवर्षं समन्स. ते पाण्याची बाटली आणि डबा घेऊन सकाळी साडेदहाला कोर्टात जाऊन बसायचे, दुपारी कळायचं आज होणार नाही, पुढची तारीख. आरोपीची माणसं त्याच बाकावर बसायची. दमदाटी कधीच केली नाही. नुसती म्हणायची, "काका, चहा घेणार? नातू कितवीला गेला?" वडील घरी येऊन सांगायचे आणि आई रात्रभर जागी.

त्या सगळ्या वर्षांत आमच्या सोसायटीतून एक माणूस त्यांच्यासोबत एका तारखेला आला नाही. जिन्यात भेटले की विचारायचे, "अजून चालूच आहे का तुमचं ते?" तुमचं ते. वडिलांनी शेवटपर्यंत साक्ष दिली, शिक्षा झाली. नंतर आम्ही ते घर विकलं.

म्हणून काकांना थोर म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे की पुढच्या चार-पाच वर्षांत तारखांना कोण जाणार? त्याची तयारी नसेल तर टपरी ठेवून काय उपयोग?

पारसिककर

तिसरा_मजला, तुमच्या वडिलांना दंडवत. आणि तुमचा प्रश्न बरोबर आहे. सभेत टपरीच्या आधी हाच विचारला पाहिजे.

निवृत्त_जमादार

मी अशी माणसं कोर्टाच्या बाकावर पाहिली आहेत. आम्हीही त्यांना फार विचारत नसू, बंदोबस्त, पुढची केस, सगळी धावपळ. शेजारी सोबत बसलेला असला की चहा विचारणारे लांब बसतात. एवढ्याने फरक पडतो.

अनुजा२२

सायली, सभा झाली का? काय झालं?

सायली_न

झाली. अडीच तास चालली. सगळं मनासारखं झालं नाही, पण झालं ते लिहिते.

जमादार साहेबांची पोस्ट छापून वाटली, आणि तिसरा_मजला यांची मोठ्याने वाचून दाखवली (विपू, म्हणजे इथेच वैयक्तिक निरोप, करून परवानगी घेतली होती). "तुमचं ते" पर्यंत आले तेव्हा मागे कुणीतरी पंखा बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून. सेक्रेटरी अतिक्रमणाचा मुद्दा सोडेनात. शेवटी ठराव पुढच्या वार्षिक सभेपर्यंत तहकूब. मंजूरही नाही, रद्दही नाही.

खजिनदारांनी तिथेच सांगितलं की सोसायटीचा कॅमेरा चालू होता, मी त्यांना विचारलं त्याच दिवशी त्यांनी पोलिसांना पत्र दिलं आणि पोलीस डीव्हीआर घेऊन गेले. बाइक गल्लीत शिरताना दिसते म्हणे. पहिल्या मजल्यावरच्या एक आजी जबाब द्यायला तयार झाल्या. त्यांचा मुलगा चिडलाय, पण पोलीस घरी येऊन जबाब घेऊन गेले. व्हिडिओ काढणारा अजून पुढे आलेला नाही. मी तपास अधिकाऱ्यांना मजला सांगितलाय. सांगितलं म्हणून दोन घरं माझ्याशी बोलत नाहीत.

काकांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "गावाला जाऊन येतो, बायको घाबरलीय." टपरीला कुलूप आहे. परत येतील का, मला सांगता येत नाही. डब्यांचं : आमच्या मजल्यावरून चार घरांनी पुन्हा लावलेत, मी त्यांच्याकडे जाऊन बसते संध्याकाळची. विधी सेवेच्या अर्जासाठी पुढच्या आठवड्यात ठाण्याला जाणार आहोत.

झंप्या

सायलीताई, त्या शाळेच्या शर्टाचे दोनशे रुपये काकांना परत मिळाले का? नाहीतर मी पाठवतो. खरंच.

सायली_न

झंप्या, त्या बाईंनीच नेऊन दिले, सभेच्या दुसऱ्या दिवशी. काकांनी घेतले नाहीत.

तिसरा_मजला

सायली, विपू बघा. फोन नंबर दिलाय. आरोपपत्र दाखल होऊन तारखा सुरू झाल्या की कळवा. काका आले तर त्यांच्यासोबत, नाही आले तर त्या आजींसोबत. माझी सोमवारी सुट्टी असते, बाकीचे वार ऑफिसात सांगून काढीन.

पारसिककर

मी निवृत्त आहे, मला कुठलाही वार चालतो. माझाही नंबर ठेवा.

निवृत्त_जमादार

जाण्याआधी सरकारी वकिलांना भेटून जबाबाची प्रत साक्षीदाराला वाचून दाखवायला सांगा. वर्षभराने तपशील विसरतात आणि उलटतपासणीत त्यावरच धरतात. आजींच्या समन्सवर खटल्याचा क्रमांक असेल, तो लिहून ठेवा, ऑनलाइन तारीख बघता येते.